जांघेतली आणि गुप्तांगाची खाज: मलम लावण्याआधी काय पाहायचं आणि मग कोणत्या क्रमाने काय करायचं

जांघेत किंवा अंडकोशावर खाज सुटली की बहुतेक पुरुष ठरलेल्या वाटेनेच जातात. आधी आठ-पंधरा दिवस अंगावर काढतात. मग घरात पडलेली एखादी ट्यूब लावतात. दोन दिवसांत बरं वाटतं, ट्यूब बाजूला पडते आणि पंधरवड्यात खाज दुपटीने परत येते. मग पुन्हा तीच ट्यूब, आता जास्त जाड थरात. या चक्रात वर्षानुवर्षं अडकलेली माणसं आहेत आणि त्यांतल्या अनेकांचा मूळ आजार अगदी साधा होता. बिघडलं ते क्रम चुकल्यामुळे.

क्रम असा आहे: आधी नीट पाहायचं, मग त्रास वाढवणाऱ्या गोष्टी बंद करायच्या, मग जागा कोरडी ठेवायची आणि त्यानंतरच एक, फक्त एक औषध पूर्ण मुदतीसाठी लावायचं. औषध चौथ्या क्रमांकावर आहे, पहिल्या नाही.

## सुरुवातीआधी: यातलं काही असेल तर घरगुती उपाय नकोत

पुढीलपैकी काही दिसलं तर लगेच, रात्र असली तरी, रुग्णालयात जा:

- अंडकोश किंवा जांघेत झपाट्याने वाढणारी वेदना आणि सूज, सोबत ताप, कातडी जांभळी-काळी पडणं किंवा घाण वास. मधुमेह असेल तर हे विशेष धोक्याचं आहे. फूर्नियर गँग्रीन नावाचा जंतुसंसर्ग काही तासांत पसरतो.
- लिंगाची पुढची कातडी मागे गेली आणि पुढे येतच नाही, टोक सुजत चाललं आहे.
- अंडकोशात अचानक सुरू झालेली असह्य कळ.
- लघवी अडली.

आणि हे असेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा: पाण्याचे बारीक फोड, उघड्या जखमा, लिंगातून पू किंवा स्राव, जांघेत दुखणाऱ्या गाठी, पांढरट पडून आवळत चाललेली कातडी किंवा आठवडे लोटूनही न भरणारा व्रण.

## तयारी: पाच मिनिटांचं काम, पण ते टाळू नका

हाताचा आरसा, भरपूर उजेड आणि दार लावता येईल अशी खोली. नखं आधी कापून घ्या. लांब नखांनी कातडी फाटते आणि तिथून जिवाणू आत शिरतात.

जागेचा फोटो काढून ठेवा, तारीख कळेल असा. संकोच वाटेल, पण दहा दिवसांनी "कमी आहे की तेवढंच आहे?" हा प्रश्न पडतो तेव्हा आठवणीवर विसंबून उत्तर मिळत नाही. फोटो फक्त स्वतःपाशी ठेवा, आपोआप दुसरीकडे साठवला जाणार नाही याची खात्री करा.

मग कागदावर लिहा: गेल्या महिन्याभरात तिथे काय काय लावलं? मलम, पावडर, जंतुनाशक द्रव, केस काढायचं क्रीम, नवा साबण, कपडे धुण्याची नवी पावडर, ओले पुसणे (वेट वाइप्स), सुगंधी फवारा, नवे काँडम. पोटात घेतलेली औषधंही लिहा. अनेकांना ही यादी लिहितानाच खाजेचं कारण सापडतं.

## टप्पा १: खाज नेमकी कुठे आहे आणि कशी दिसते?

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढचं सगळं त्यामुळेच चुकतं. "खाज" हे एक लक्षण आहे. त्यामागचे आजार वेगवेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला अपाय करतं. म्हणून आरसा घेऊन चार प्रश्नांची उत्तरं शोधा: जागा कोणती, कड कशी, वेळ कोणती आणि घरात आणखी कुणाला खाज आहे का.

सावळ्या कातडीवर "लाल चट्टा" लाल दिसेलच असं नाही. तो तपकिरी, काळपट किंवा करडा दिसतो. रंगापेक्षा कड आणि पापुद्रे यांवर भरवसा ठेवा.

मांडीच्या आतल्या बाजूला, उंचावलेल्या कडेचा चट्टा. हे गजकर्ण, म्हणजेच नायटा. हा बुरशीचा आजार आहे. ओळखायची खूण म्हणजे कड. चट्ट्याची बाहेरची किनार थोडी वर आलेली असते, बोट फिरवलं तर कळते. तिच्यावर कोंड्यासारखे बारीक पापुद्रे असतात, कधी बारीक पुळ्या. आतला भाग मात्र सपाट, काळसर आणि त्या मानाने शांत. बुरशी कडेवर जिवंत असते आणि बाहेरच्या दिशेने पसरते. चट्टा जांघेच्या घडीतून मांडीवर उतरतो, कधी नितंबांकडे जातो. अंडकोशाची कातडी यातून सहसा सुटते आणि ही खूण फार उपयोगाची आहे.

घडीत खोलवर ओलसर, लालभडक, आग होणारी कातडी आणि मुख्य चट्ट्याबाहेर सुटे सुटे बारीक दाणे. इथे कँडिडा नावाच्या बुरशीचा संशय घ्या. ती अंडकोशावरही येते. लिंगाच्या टोकावर आली तर लाली, बारीक पुळ्या आणि पुढच्या कातडीखाली दह्यासारखा पांढरा थर दिसतो. हा त्रास वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहाचा पत्ता अनेकांना याच खाजेतून लागतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे ती घेणाऱ्यांना हा संसर्ग जास्त होतो. ती औषधं स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

घडीत सपाट, तपकिरी, बारीक सुरकुतलेला चट्टा, कड उंच नाही, खाज अगदी थोडी. हा एरिथ्राझ्मा असू शकतो. तो बुरशीमुळे नव्हे, जिवाणूंमुळे होतो. डॉक्टरांच्या वुड्स दिव्याखाली (अतिनील किरणांच्या दिव्याखाली) तो पोवळ्यासारखा लालसर चमकतो. याला अँटिबायोटिक लागतं, म्हणूनच "महिनाभर बुरशीचं मलम लावलं, काही फरक नाही" असं होतं.

रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज भडकते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवतीही बारीक पुरळ आहे. ही खरूज. लिंगावर आणि अंडकोशावर वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान, कडक, खाजऱ्या गाठी आल्या तर खरजेचा विचार सर्वात आधी करा. घरात आणखी कुणी खाजवत असेल तर शंका जवळजवळ उरत नाही. पहिल्यांदा खरूज होते तेव्हा किडा अंगात शिरल्यापासून खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडेही लागतात. त्यामुळे "माझा कुणाशी संबंध आला नाही" हा हिशेब गेल्या दोन-चार दिवसांपुरता करू नका.

केसांच्या मुळाशी खाज आणि केसांना घट्ट चिकटलेले बारीक दाणे. जांघेतल्या उवा. कपड्यावर गंजासारखे बारीक डागही दिसतात.

अंडकोशाची कातडी जाड, रेषा उमटलेली, चामड्यासारखी. ही खाजवून खाजवून जाड झालेली कातडी. मूळ कारण केव्हाच गेलेलं असतं, उरते ती सवय. ताणाच्या दिवसांत आणि झोपताना ती वाढते.

काहीतरी नवं लावल्यापासून सुरू झालेली खाज, आग, कातडी सोलणं, लस येणं. वस्तूची अॅलर्जी किंवा दाह. साबण, सुगंध, जंतुनाशक द्रव, ओल्या पुसण्यांतलं परिरक्षक, रबराचं काँडम, आणि हो, औषधाची ट्यूबसुद्धा. निओमायसिन असलेल्या मलमाची अॅलर्जी चांगलीच परिचित आहे.

चकचकीत, गुळगुळीत, स्पष्ट सीमेचा लाल चट्टा, पापुद्रे जवळजवळ नाहीत. डोक्यात जाड कोंडा, कोपर-गुडघ्यांवर चट्टे, नखांवर खड्डे असं आणखी कुठे काही असेल तर सोरायसिस असू शकतो. घडीतला सोरायसिस बुरशीसारखा भासतो आणि भल्याभल्यांना फसवतो.

केस काढल्यावर दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या पुळ्या आणि आत वळलेले केस यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही: वस्तरा थांबवा, कात्रीने केस आखूड ठेवा, बहुतेकदा भागतं.

> तपासा: लिंगाच्या टोकाच्या कडेने ओळीत बसलेले एकसारखे बारीक मोत्यासारखे दाणे किंवा कातडीखालचे पिवळसर ठिपके हा आजार नाही. ते निसर्गतः असतात. त्यांना खाज नसते. ते फोडायला, जाळायला जाऊ नका.

दोन चित्रं एकत्र जुळत असतील तर घाबरू नका, असं होतं. पण एकही चित्र जुळत नसेल तर अंदाजाने औषध लावू नका. टप्पा २ आणि ३ पाळा आणि डॉक्टरांकडे जा.

## टप्पा २: आधी बंद करा, मग सुरू करा

तयारीत केलेली यादी समोर घ्या. डॉक्टरांनी स्वतः तपासून दिलेलं औषध सोडून बाकी सगळं बंद. सुगंधी साबण, जंतुनाशक द्रव, फवारे, ओले पुसणे, केस काढायचं क्रीम, सगळं. खाज असलेल्या कातडीला "जास्त स्वच्छ" करायला जाणं हे खाज टिकण्याचं फार मोठं कारण आहे.

लिंबू, व्हिनेगर, लसूण, न पातळ केलेली तेलं, रॉकेल, टूथपेस्ट हे तिथे कधीही लावायचं नाही. सॅलिसिलिक अॅसिड असलेली कातडी सोलणारी मलमंसुद्धा नाहीत. तळपायाच्या जाड कातडीला जे चालतं ते अंडकोशाची कातडी भाजून काढतं. आग झाली म्हणजे "औषध काम करतंय" हा समज मनातून काढून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हातातली ट्यूब उजेडात धरून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हॅलोबेटासॉल यांपैकी एकही नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. बाजारातल्या कितीतरी "खाज-नायटा" मलमांत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये कोंबलेलं असतं. स्टेरॉइड दाह दाबतं, म्हणून दोन दिवसांत आराम पडतो. त्याच वेळी ते कातडीची बुरशीविरुद्धची लढाईही दाबतं. चट्टा पसरतो, कड पुसट होते आणि पुढे डॉक्टरांनासुद्धा गजकर्ण पटकन ओळखता येत नाही.

अंडकोशाच्या बाबतीत धोका आणखी मोठा. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड हाताच्या कातडीच्या मानाने अंडकोशाच्या कातडीतून ४० पटींहून अधिक शोषलं गेलं होतं. म्हणजे हातावर सौम्य असलेली मात्रा इथे सौम्य राहत नाही. महिनोन्महिने लावत राहिलं की कातडी पातळ होते, मांडीवर ताणाच्या न जाणाऱ्या रेषा पडतात आणि अंडकोश कायम लाल आणि जळजळता राहतो.

> सावध: क्लोट्रिमाझोल आणि क्लोबेटासॉल ही नावं सुरुवातीला सारखी वाटतात. पहिलं बुरशीचं औषध आहे, दुसरं अतिशय तीव्र स्टेरॉइड. घाईत नाव सांगताना किंवा ऐकताना अदलाबदल होते. ट्यूब हातात आल्यावर पूर्ण नाव वाचा.

> सावध: तीव्र स्टेरॉइड कित्येक आठवडे लावत असाल तर बंद केल्यावर लाली आणि आग काही काळ उसळते. ही उसळी आली की लोक घाबरून परत तेच लावतात. ते करू नका. या स्थितीत मात्र एकट्याने झुंजण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने बाहेर पडणं चांगलं.

## टप्पा ३: धुवा कमी, कोरडं करा जास्त

दिवसातून एकदा, घाम खूप आला तर दोनदा. कोमट पाणी. साबण लागलाच तर सौम्य, बिनवासाचा, आणि तो पूर्ण धुऊन निघाला पाहिजे. कढत पाणी खाजेवर ओतलं की क्षणभर फार बरं वाटतं, पण अर्ध्या तासात खाज वाढून परत येते आणि कातडी आणखी कोरडी पडते.

पुढची कातडी मागे सरकत असेल तर सरकवून पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा आणि कातडी आठवणीने पुन्हा पुढे आणा. ती सरकत नसेल तर जबरदस्ती नको.

खरं काम पुढे आहे. टॉवेल घासायचा नाही, टिपायचा. जांघेची घडी बोटांनी उघडा, आतपर्यंत टिपा, अंडकोश उचलून मागची बाजू टिपा. मग दोन-तीन मिनिटं हवा लागू द्या. घाईत असाल तर केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा चालते, गरम नको. ओल्या घडीवर कपडा चढवणं म्हणजे बुरशीला राहायला जागा करून देणं.

चट्टा असलेल्या जागेसाठी वेगळा टॉवेल ठेवा आणि तो सर्वात शेवटी वापरा. त्याच टॉवेलने नंतर पाठ, काख, चेहरा पुसला की चट्टे तिथेही उगवतात.

पावडरबद्दल विचारणा फार होते. घाम कमी करायला थोडी पावडर हरकत नाही, पण मलमावर पावडर टाकून त्याचा लगदा करू नका. तो घडीत साचतो आणि घासतो. मलम चालू असेल तितके दिवस पावडरीविना राहणं सोपं.

> तपासा: टप्पा २ आणि ३ नीट पाळल्यावर दाहामुळे किंवा घासल्यामुळे आलेली खाज तीन-चार दिवसांत ठळकपणे उतरते. उतरली तर औषध लागणारच नाही कदाचित. घासल्याचा त्रास असेल तर कोरड्या कातडीवर पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर पुरतो. गजकर्ण किंवा खरजेचं चित्र मात्र स्पष्ट असेल तर वाट न पाहता पुढे जा.

## टप्पा ४: एक औषध, योग्य जागी, पूर्ण मुदत

गजकर्ण असेल तर. क्लोट्रिमाझोल १ टक्का किंवा टर्बिनाफिन १ टक्का, साधं, ज्यात दुसरं काहीही मिसळलेलं नाही. क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, साधारण २ ते ४ आठवडे. टर्बिनाफिन पत्रकात लिहिल्याप्रमाणे दिवसातून एकदा किंवा दोनदा, सहसा १ ते २ आठवडे. निस्टॅटिन गजकर्णावर चालत नाही, ते फक्त कँडिडासाठी आहे. चित्र बुरशीचंच आहे पण दोहोंपैकी कोणती हे ठरत नसेल तर क्लोट्रिमाझोल दोन्हींवर चालतं, म्हणून ते बरं.

लावायची पद्धत:

1. हात धुवा, जागा पूर्ण कोरडी करा.
2. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत मलमाची एक रेघ काढा. हे साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही जांघांना बहुतेकदा एवढं बास.
3. बाहेरून आत लावा. चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटर, निरोगी दिसणाऱ्या कातडीपासून सुरुवात करा. बुरशी दिसते त्यापलीकडे पोचलेली असते.
4. पातळ थर, हलक्या हाताने जिरवा. पांढरं दिसत राहिलं तर जास्त झालं.
5. हात पुन्हा धुवा.

बहुतेक जण मधल्या काळ्या भागावर जाड थर देतात आणि कड कोरडी सोडतात. मग चट्टा मधे बरा होतो आणि बाहेर मोठा होत जातो.

दुसरी चूक लवकर थांबण्याची. खाज चार-सहा दिवसांत जाते, बुरशी जात नाही. क्लोट्रिमाझोल लावत असाल तर चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी १ ते २ आठवडे चालू ठेवा.

तिसरी चूक याच्या उलट. गजकर्ण बरं झाल्यावर काळसर डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात. डाग म्हणजे आजार नव्हे. कड सपाट झाली, पापुद्रे गेले, खाज गेली, म्हणजे काम झालं. डाग घालवायला आणखी मलमं लावू नका.

नियम पाळूनही दोन आठवड्यांत कड हलली नाही तर तेच मलम रेटत बसू नका. गजकर्ण कधी ट्रायकोफायटॉन इंडोटिनीए नावाच्या बुरशीमुळे होतं. ती अनेकदा टर्बिनाफिनला दाद देत नाही आणि तिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली पोटातून, दीर्घ मुदतीचं औषध लागतं.

कँडिडा असेल तर. क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे. लिंगाच्या टोकावर असेल तर मलम जिरेपर्यंत कातडी मागे ठेवू शकता, नंतर पुढे आणा. जोडीदारालाही खाज किंवा स्राव असेल तर दोघांचे उपचार एकाच वेळी व्हायला हवेत. ही मलमं रबराच्या काँडमला कमकुवत करतात, तेव्हा उपचाराच्या दिवसांत त्यावर विसंबू नका.

खरूज असेल तर. पर्मेथ्रिन ५ टक्के क्रीम. इथे "जिथे खाज तिथे औषध" ही सवय घात करते. मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीत, नितंबांच्या घडीत, लिंगावर, अंडकोशावर, नखांखाली. रात्री लावा, ८ ते १४ तासांनी धुवा. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. आठवड्याने दुसऱ्यांदा. घरातल्या सगळ्यांनी आणि जोडीदाराने त्याच रात्री लावायचं, खाज असो वा नसो. लहान बाळ, गर्भवती किंवा अंगावर पाजणारी आई घरात असेल तर त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारा. किडे मेल्यावरही खाज २ ते ४ आठवडे राहू शकते. म्हणून रोज औषध फासू नका, त्याने कातडीचा दाह होतो.

उवा असतील तर. पर्मेथ्रिन १ टक्का, १० मिनिटं ठेवून धुवायचं, ७ ते १० दिवसांनी परत. जोडीदाराचेही उपचार. या उवा बहुतेकदा शरीरसंबंधातून येतात, त्यामुळे बाकीच्या लैंगिक संसर्गांच्या तपासण्या एकदा करून घेणं शहाणपणाचं.

जाड झालेली कातडी, सोरायसिस, एरिथ्राझ्मा, पांढरट पडून आवळत चाललेली कातडी. यांवर स्वतः औषध निवडू नका. काहींना मोजक्या दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइड लागतं, काहींना अँटिबायोटिक. ते मोजमाप तज्ज्ञांनीच करायचं.

## टप्पा ५: रात्रीची खाज सांभाळा

औषध काम करेपर्यंतचे दिवस कठीण असतात. खाजवलं की कातडीतल्या मज्जातंतू आणखी चेवतात आणि पुन्हा खाज सुटते. हे तोडायला:

थंड पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ सुती कपडा १० मिनिटं ठेवा, नंतर जागा टिपून कोरडी करा. बर्फ थेट लावू नका. खाजवावंसं वाटलंच तर तळव्याने दाबून धरा, नख लावू नका. झोपेत हात जात असेल तर सैल सुती पायजमा घाला. झोप आणणारी अॅलर्जीची गोळी कधी कधी मदत करते, पण ती घेऊन वाहन चालवायचं नाही, आणि प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या वयस्कर पुरुषांत काही जुन्या गोळ्यांनी लघवी अडू शकते. म्हणून विचारूनच घ्या.

## टप्पा ६: कपडे, पाय आणि अंथरूण

मलम बरोबर, मुदत पूर्ण, तरी महिन्याने परत. असं झालं तर आधी स्वतःची पावलं पाहा. बोटांच्या बेचक्यांत पांढरी, सोललेली, भिजकी कातडी, तळव्यावर कोंडा किंवा जाड पिवळट नखं असतील तर बुरशीचा साठा तिथे आहे. चड्डी पायांतून वर चढवताना ती बुरशी थेट जांघेत पोचते. पावलांचे उपचार जांघेसोबतच करा, आणि कपडे घालताना आधी मोजे, मग चड्डी. इतका साधा बदल, पण वारंवार येणाऱ्या गजकर्णात तो फार उपयोगी पडतो. नखांना बुरशी असेल तर नुसत्या मलमाने ती सहसा जात नाही, डॉक्टरांना दाखवा.

अंतर्वस्त्रं सैल, सुती, रोज बदललेली. घाम आला तर दिवसात दोनदा. शिवणीचा काच जिथे पडतो तिथेच चट्टा असेल तर तो प्रकार पुन्हा घेऊ नका. कपडे उलटे करून ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवा, साबण पूर्ण निघू द्या आणि कडकडीत वाळल्याशिवाय घालू नका. घट्ट जीन्स आठवडाभर न धुता घालायची सवय असेल तर ती आधी मोडा. टॉवेल, चड्डी, वस्तरा कुणाशीही वाटून घ्यायचा नाही.

खरजेत उपचाराच्या दिवशीच गेल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस, जमल्यास आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा फार दिवस जगत नाही, त्यामुळे सगळं घर औषधाने फवारायची गरज नाही.

## टप्पा ७: डॉक्टरांकडे कधी आणि कसं जायचं

दोन आठवडे नियमाने उपचार करूनही फरक नाही, खाज वर्षात दोन-तीनदा परतते, मधुमेह आहे, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत किंवा चट्टा अंगभर पसरतोय, तर वाट पाहू नका. कातडीवर काहीच दिसत नाही पण अंगभर खाज आहे, अशा वेळी यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि लोह यांच्या तपासण्या लागू शकतात.

जाताना सोबत न्या: तारखांचे फोटो, यादी आणि लावलेल्या सगळ्या रिकाम्या ट्यूब. नावं आठवून सांगण्यापेक्षा ट्यूब पुढे ठेवलेल्या बऱ्या. स्टेरॉइड लावलं असेल तर ते लपवू नका. त्यावरून निदान बदलतं आणि रागावण्यापलीकडे डॉक्टर काही करणार नाहीत. बाहेरचा शरीरसंबंध आला असेल तर तोही सांगा, नाहीतर तपासण्याच चुकीच्या होतात. तपासणीसाठी जाण्याआधी जांघेतले केस वस्तऱ्याने काढू नका, कापल्याच्या खुणांत मूळ पुरळ हरवतं.

गजकर्णाचा संशय असेल तर कडेवरचे पापुद्रे खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. काही मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे. पोटातून औषध सुरू करण्याआधी ती करता येईल का, असं स्वतःहून विचारा. भेटीची वेळ ठरवतानाच विचारून घ्या की बुरशीचं मलम किती दिवस आधी थांबवायचं. आदल्या रात्रीपर्यंत मलम लावलेलं असलं तर पापुद्र्यांत बुरशी असूनही ती दिसत नाही. आणि त्या दिवशी सकाळी जागेवर पावडर, तेल, क्रीम काहीही लावू नका.